दुरुस्तीनंतरची टकटक



गाडी गॅरेजमधून घरी आली, बिल चुकतं केलं, आणि पहिल्याच वळणावर चाकाकडून पुन्हा टकटक ऐकू आली, असं बऱ्याच जणींच्या घरी झालं असेल. पुढचं संभाषणही ठरलेलं असतं. घरातले म्हणतात, "तुला वाटतंय." मिस्त्री स्वतः एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "ऑन्टी, आवाज तो नहीं आ रहा." फारच लावून धरलं की म्हणतो, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." आमचे साहेब गाडीत बाजूला बसून पेपर वाचतात. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, आणि समजून घ्यायला मात्र साहेब!

आज या टकटकीवरच लिहायचं आहे. माझं मत असं की दुरुस्तीनंतरही आवाज राहिला तर लगेच दुसरा पार्ट बदलू द्यायचा नाही. आधी आवाज शोधायला लावायचा, त्या शोधण्याचे वेगळे पैसे द्यायचे, आणि शोधाचं अर्धं काम आपण कागदावर करून न्यायचं. हे काम गाडी चालवणाऱ्या बाईइतकं चांगलं कोणालाच जमत नाही. मिस्त्री गाडी दहा मिनिटं चालवतो, आपण रोज चालवतो. कुकरची शिट्टी नेहमीसारखी नाही हे आपल्याला दुसऱ्या खोलीतून कळतं, मग गाडीचं न कळायला काय झालं?

धंतोलीकरांना हा आवाज बाकी नागपूरच्या आधी कळतो, असं मी गमतीने म्हणते, पण त्याला कारण आहे. आमच्याकडे गल्लोगल्ली दवाखाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेशंटच्या नातेवाइकांच्या गाड्या उभ्या. फाटकातून गाडी काढायची तर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चारदा फिरवावं लागतं. पुढच्या चाकाला ताकद नेणारा जो सांधा असतो, तो झिजला की नेमका अशाच वेळी बोलतो: स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, वेग अगदी कमी आणि पाय ॲक्सिलरेटरवर. वर्धा रोडवर सरळ साठच्या वेगाने जाणाऱ्याला तो कित्येक दिवस कळणारही नाही.

हा सांधा म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आपल्या लग्नाच्या काळातल्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी आठवा. इंजिन पुढे, पण ताकद जायची मागच्या चाकांना. गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जायचा आणि त्याच्या टोकांना क्रॉसचे सांधे असायचे. जुने मिस्त्री नुसत्या 'खट्ट' आवाजावरून क्रॉस गेल्याचं ओळखायचे. मग १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि त्या गाडीच्या मागोमाग पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आपल्या घरांत आल्या. आता पुढच्या चाकाला दोन कामं आली, वळायचंही आणि गाडी ओढायचीही. वळलेल्या चाकाला साध्या क्रॉसमधून ताकद दिली तर एकाच फेऱ्यात वेग कमी-जास्त होतो आणि गाडी हिसके देते. यावर तोड म्हणून आल्फ्रेड रझेपा नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात छर्ऱ्यांचा सांधा काढला. वाटीत वाटी बसवल्यासारखे दोन भाग, दोन्हींना खाचा, आणि त्या खाचांत सहा पोलादी छर्रे. चाक बरंच वळलं तरी ताकद सारख्याच गतीने पोचते. इंग्लंडच्या मिनी गाडीत १९५९ साली या जातीचे सांधे आले आणि पुढे छोट्या गाड्यांची रीतच ती झाली. आपले मिस्त्री त्याला सीव्ही जॉईंट म्हणतात आणि सांध्यांसकट पूर्ण दांड्याला एक्सल म्हणतात. प्रत्येक बाजूच्या दांड्याला दोन सांधे असतात, एक बाहेर चाकाजवळ आणि एक आत गिअरबॉक्सजवळ.

सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं. त्याला बूट म्हणतात आणि त्याच्या आत ग्रीस भरलेलं असतं. रबर वयाने कडक होतं, तडकतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर विचारूच नका. बूट फाटला की चाकाच्या फेऱ्याबरोबर ग्रीस बाहेर उडतं आणि पावसाचं पाणी, धूळ आत जाते. छर्रे आणि खाचा खायला लागतात. मग वळताना जोर पडला की छर्रा त्या खड्ड्यातून उडी मारतो आणि आपल्याला 'टक' ऐकू येतं. बूट नुकताच फाटला आहे, आवाज अजून नाही, अशा वेळी सांधा साफ करून नवा बूट आणि नवं ग्रीस घातलं तर बहुधा निभावतं. टकटक सुरू झाल्यावर मात्र ग्रीसचा उपयोग नाही. खड्डे पडलेलं पोलाद ग्रीसने भरून येत नाही. म्हणून "ग्रीस मार दिया, अब ठीक हो जाएगा" हे वाक्य ऐकलं की समजायचं, आवाज थोडे दिवस दबेल आणि परत येईल.

(ज्यांच्या मुलांनी विजेची गाडी घेतली आहे त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. तिच्यातही मोटरपासून चाकापर्यंत असेच दांडे आणि असेच सांधे असतात. इंजिनाची घरघर नसल्यामुळे त्यांचा आवाज उलट जास्तच ऐकू येतो.)

आता आमच्या गाडीचं सांगते. पेट्रोलवरची, नऊ वर्षांची. गेल्या वर्षी आषाढात उजवीकडे यू-टर्न घेताना टकटकटक सुरू झालं. डावीकडे वळताना नाही, सरळ जाताना नाही. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तारीख घालून तसंच लिहून ठेवलं. गॅरेजवाल्याने डाव्या बाजूचा पूर्ण एक्सल बदलला आणि ६,८०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी रिव्हर्समधून काढून गाडी पुढे घेतली तर 'टक'. एकदाच. पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, पुन्हा एकदाच टक.

घरात एकमत झालं की आवाज गेलाच नाही. गॅरेजचंही तेच मत. त्यांनी फक्त एवढं जोडलं की आता उजवा एक्सलही गेला असणार, ६,५०० रुपये लागतील. मी नाही म्हटलं. नंतर मी मुलीकडे पुण्याला गेले होते, तेव्हा यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजला दाखवली. तिथे पुढच्या स्टॅबिलायझरच्या दोन्ही लिंक बदलून २,२०० रुपये झाले. मी परत आले, फाटकातून गाडी काढली. टक.

त्याच सुमारास आमचं रामटेकला शांतिनाथांच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. सोबत यांची थोरली बहीण आणि चार वर्षांचा नातू. मी सांगितलं, कारण सापडेपर्यंत ही गाडी गावाबाहेर जाणार नाही. भाड्याची गाडी केली. एका टकसाठी एवढा खर्च कशाला, म्हणून कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली.

माझ्या वहीतल्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. पहिला आवाज उजव्या वळणावर, सलग, वेग वाढला की भराभर. दुसरा आवाज दिशा बदलताना, एकदाच, वळण असो वा नसो. म्हणजे आवाज राहिला नव्हता, बदलला होता. डावा एक्सल खरोखर खराब होता, तो बदलणं बरोबरच होतं आणि त्याने पहिला आवाज गेलाही होता. दुसरा आवाज त्या दुरुस्तीतूनच आला होता. हे दोन वेगळे आवाज आहेत ही एक गोष्ट कोणी मान्य केली असती, तर लिंकचे २,२०० वाचले असते.

अखेर अजनीकडच्या एका लहानशा गॅरेजमध्ये गेले. त्या मिस्त्रीने पहिलाच प्रश्न विचारला, "कधी येतो, ताई?" मी वही उघडून दाखवली. त्याने ती खरंच वाचली. मग मला गाडीत बसवलं, चाकाच्या मधलं टोपण काढलं, दांड्याच्या टोकावरून हबपर्यंत खडूने एक सरळ रेघ मारली आणि म्हणाला, "हातभर पुढे घ्या, हातभर मागे घ्या." मी घेतली. टक. खाली उतरून पाहिलं तर रेघ मधोमध तुटली होती. केसभरच, पण तुटली होती. दांडा आणि चाकाचा हब एकत्र फिरायला हवेत, ते जरा मागेपुढे होत होते. नव्या एक्सलचं टोक हबच्या दात्यांत बसवून जो मोठा नट आवळतात, तो जुनाच परत लावला होता आणि अंदाजाने आवळला होता.

हा नट साधा नसतो. बऱ्याच गाड्यांत तो एकदा खोलला की नवाच लावायचा असतो, कारण त्याची कड ठोकून दांड्याच्या खाचेत बसवलेली असते. आणि तो किती आवळायचा याचं माप ठरलेलं असतं. छोट्या गाड्यांत ते साधारण २०० न्यूटन-मीटरच्या आगेमागे असतं, नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. घरगुती भाषेत सांगायचं तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचं गव्हाचं पोतं टांगलं तर जेवढा जोर पडेल तेवढा. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना येतो, जो जोराचं माप दाखवतो. हा नट सैल राहिला तर आज टक होते, उद्या बेअरिंग जातं, आणि फारच ढिला झाला तर चाकाच्या जिवावर बेततं. नातवाला मागे बसवून असल्या गाडीतून महामार्गावर जाऊ दिलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

नवा नट, दाते साफ करून परत बसवणं, मापाने आवळणं, सगळं मिळून २५० रुपये झाले. शोधण्याचे त्याने काही मागितले नाहीत. मी ३०० वेगळे दिले आणि बिलावर वेगळे लिहायला लावले.

हे ३०० रुपये माझ्या सांगण्याचा गाभा आहेत, पण त्याआधी थोडं कॉमर्स. बी.कॉम.ला असताना आम्हाला ट्रायल बॅलन्स हाताने जुळवावा लागे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर दिसेल ती नोंद खोडून आकडा बदलत बसायचं नाही, आधी फरकाकडे बघायचं, असं आमचे सर सांगत. फरकाला ९ ने भाग जातो का? मग कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का? मग ती नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल. चूक कुठे बसली आहे हे फरकाचा आकडाच सुचवतो. आणि काहीच सापडलं नाही तर तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा, पण ते खातं वर्षानुवर्षं उघडं ठेवणाऱ्या मुनिमावर शेठजी विश्वास ठेवत नसत. "गाडी जुनी झाली, आवाज येणारच" हे मिस्त्रीचं सस्पेन्स खातं आहे. आवाज कधी येतो, किती वेळा येतो आणि कशाने थांबतो, हा आपला फरकाचा आकडा. तो न बघता एक्सल, मग लिंक, मग बेअरिंग बदलत जाणं म्हणजे खोडरबर घेऊन वही जुळवणं. एखादे वेळी जुळतेही, पण कशामुळे जुळली ते कोणालाच सांगता येत नाही.

तर वहीत काय लिहायचं? मी करते तसं सांगते. सकाळी सहाच्या सुमारास यशवंत स्टेडियमच्या बाजूचे रस्ते जरा मोकळे असतात, तेव्हा जावं आणि सोबत एकाला घ्यावं.

गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून ॲक्सिलरेटर थोडा दाबा. आवाज आला तर चाकांचा नि एक्सलचा विषयच नाही, इंजिनाच्या बाजूला बघायला सांगा. मग सपाट रस्त्यावर हळू वेगात गाडी न्यूट्रलमध्ये सरकू द्या. जोर काढल्यावर टकटक एकदम मंदावली तर सांध्यावर संशय वाढतो. तशीच राहिली तर टायर, ब्रेक, चाकाचं टोपण यांकडे बघावं. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही हुबेहूब टकटक करतो, आणि तो घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतो! त्यानंतर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून हळूहळू गोल फिरा, मग डावीकडे. उजव्या वळणावर वाजत असेल तर बहुधा डावीकडचा बाहेरचा सांधा, कारण बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. बहुधा म्हणते, नक्की नाही. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी थरथरत असेल तर आतल्या सांध्याकडे बघायला सांगावं. दिशा बदलताना एकच टक येत असेल तर आमच्यासारखा हबचा नट, किंवा ब्रेकचे पॅड आपल्या जागेत सरकत असतील. पॅडचं असेल तर पहिल्यांदा ब्रेक दाबताना येतं, न दाबता येत नाही. आणि नुसतं स्पीडब्रेकरवर वाजत असेल तर तो एक्सलचा आवाज नव्हे, सस्पेन्शनचा. आमच्या लिंक त्या जातीच्या होत्या. पण आमच्याकडे स्पीडब्रेकरवर काहीच वाजत नव्हतं, आणि हे वहीत लिहिलेलं होतं.

मोजायलाही सोपं आहे. टायरवर खडूची खूण करा आणि सोबतच्याला बाहेर बाजूने चालायला सांगा. खूण खाली आली की दर वेळी एक टक असेल, तर चाकाच्या एका फेऱ्याला एक टक झाली. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरला दहा सेकंदांत चौदा फेरे. दहा सेकंदांत चौदाच टक मोजले तर काहीतरी चाकाबरोबर एकदाच लागतंय, जसं ब्रेकमागचा वाकलेला पत्रा. चाळीस-पन्नास मोजले तर सांध्याकडे बोट जातं, कारण त्यात छर्रे सहा आहेत.

आवाज रेकॉर्ड करत असाल तर तोंडाने बोलत राहा: "आता उजवीकडे वळवते, आता ब्रेक." नुसती टकटक ऐकून मिस्त्रीला काहीच कळत नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून, काच खाली करून गाडी चालवली तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बंद करा आणि टॉर्चने चाकाच्या आतल्या बाजूला बघा. रिमवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे, यात शंका नाही. बघायचं ते बाहेरूनच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, उत्साही जावईबापूंनीही नाही.

ऐकणारे दोन-तीन असावेत, हे मुद्दाम सांगते. आवाज लोखंडातून प्रवास करतो. चालवणाऱ्याला तो डावीकडून येतोय वाटतो, मागच्या सीटवरच्याला पायाखालून, बाहेर उभ्या असलेल्याला पुढच्या चाकातून. तिघं एकमेकांना खोटं पाडत बसतात. आपल्याला अनेकांत लहानपणापासून शिकवलेला आहे, तो इथे वापरावा. तिघांनाही जे ऐकू आलं ते त्या त्या जागेवरून खरंच आहे. तिघांचंही लिहून न्यावं.

आता ते ३०० रुपये. आमच्या धंतोलीत डॉक्टरांची कमी नाही. आपण डॉक्टरांकडे जातो, ते विचारतात, छाती ऐकतात, पोट दाबून बघतात, आणि कधी कधी म्हणतात, "काही नाही, घरी जा." आपण फी देऊन येतो. औषध दिलं नाही म्हणून फी परत मागत नाही. मिस्त्रीने मात्र अर्धा तास गाडीखाली घालवून "काही बदलायची गरज नाही" म्हटलं, तर आपण "बघण्याचे कसले पैसे?" म्हणून भांडतो. मग तो कमावणार कशावर? पार्टवर आणि पार्ट बसवण्याच्या लेबरवर. शोधण्याला किंमत नाही आणि बदलण्याला आहे, असं आपणच ठरवून ठेवल्यावर तो बदलतच जाणार. अंदाजाने नट आवळणाऱ्याला मी माफ करत नाही, ते निष्काळजीपणाचं काम आहे. पण दहा रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करणारी आपली सवय त्याच्या बाजूला उभी आहे, हेही म्हणावंच लागेल. म्हणून गाडी देतानाच सांगावं, "आधी फक्त शोधा. शोधण्याचे अमुक रुपये देईन. काय बदलायचं ते फोनवर विचारल्याशिवाय बदलायचं नाही." मी आता हे जॉब कार्डवरच लिहायला लावते. तक्रारही माझ्या शब्दांत लिहायला लावते. 'नॉइज चेक' असं कोणी लिहिलं तर ते खोडून 'रिव्हर्सनंतर पुढे घेताना एक टक' असं लिहून घेते. काउंटरवरचा मुलगा जरा वैतागतो. वैतागू दे.

गाडी परत घेताना त्याच माणसाला शेजारी बसवून, आपण स्वतः चालवून, त्याच वळणावर न्यावं. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. तो आपल्या पैशाचा आहे. जुना सांधा हातात घेऊन वाकवून पाहिला की खडबड बोटांना कळते. आमचा जुना डावा एक्सल मी मागून घेतला होता, म्हणूनच तो खरोखर झिजलेला होता असं मी इथे ठामपणे लिहू शकते.

बिलाचं तर मी कॉमर्सवाली म्हणून सांगणारच. "पक्कं बिल हवं का? नको असेल तर अठरा टक्के वाचतील," हा प्रश्न नेहमी येतो. पक्कंच घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, सेवा देऊन बिल न देणं हा अनुचित व्यापारी व्यवहार धरला आहे. निष्काळजी दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी ठरू शकते, आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीही लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पण बिल नसेल तर दाखवणार काय? मी आयोगापर्यंत गेले नाही. पहिल्या गॅरेजला बिल, जॉब कार्डची प्रत आणि खडूच्या रेघेचा फोटो दाखवला. पहिल्यांदा म्हणाले, साहेबांना पाठवा. मी म्हटलं, साहेब पेपर वाचताहेत, तुम्ही माझ्याशीच बोला. लेबरचे १,२०० रुपये परत मिळाले.

परवा अमरावतीहून माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, आमच्या गाडीतही टकटक येते, इथला मिस्त्री म्हणतो दोन्ही एक्सल बदला, तेरा हजार." मी विचारलं, वळताना येते का? "नाही हो, वळताना नाही. सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवर येते." किती वेळा? "ते नाही मोजलं." मग मी तिला गाडी तिथून परत आणायला सांगितली. उद्या सकाळी ती आणि तिची सून खडू आणि वही घेऊन बाहेर पडणार आहेत.